साहेब बदलतात, टेबल तिथंच राहतं : अमेरिकेतल्या सरकारी बाबूंबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की अमेरिकेचं सरकार आतून कसं चालतं यावर काही विचारायचं असेल तर पाठवा. मला वाटलं दोन-चार पत्रं येतील, आली पिशवीभर, व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज वेगळेच. नवल काही नाही म्हणा, ग्वाल्हेर-इंदूर-बडोद्याच्या मराठी नातेवाइकांत कुणाचं ना कुणाचं मूल तिकडे असतंच आणि मूल तिकडे असलं की तिथल्या सरकारचा प्रत्येक फॉर्म इकडे आईबापाचं ब्लडप्रेशर वाढवतो.

आधीच सांगतो, मी काही प्रोफेसर नाही. ग्वाल्हेरला झाशी रोडच्या एजी ऑफिसात (अकाउंटंट जनरल, म्हणजे महालेखापालांचं ऑफिस) तेहेतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी पेन्शन सेक्शनमधे, त्यामुळे सरकारी कागद कसा हलतो (आणि कसा हलत नाही) ते मला चांगलं माहितीये. लेक बाल्टिमोरजवळ राहते म्हणून दोनदा तिकडे सहा-सहा महिने राहून आलो. तिथे सकाळी फिरताना एक आजोबा भेटायचे, सोशल सिक्युरिटीतून रिटायर झालेले, त्या खात्याचं हेडऑफिस बाल्टिमोरच्या शेजारीच आहे. माझं इंग्रजी ऑफिसातलं, त्यांचं अमेरिकन, पण इन्क्रिमेंट आणि प्रमोशनचा विषय निघाला की आमचं सगळं बरोबर जुळायचं. खालच्या उत्तरांत आहे त्यातलं बरंच त्या बाकावरच्या गप्पांतून सुरू झालं आणि मग मी घरी येऊन वाचून पक्कं केलं.

काका नमस्कार. मुलगा एच-वन-बीवर (तिकडे नोकरी करायचा व्हिसा) डॅलसला आहे, सुनेला तिकडे नोकरी करायचं कार्ड मिळालंय. पण दर थोड्या दिवसांनी कुणीतरी मेसेज पाठवतं की हे कार्ड बंद होणार. मला एवढंच कळत नाही की कायदा त्यांच्या संसदेनं केला असेल ना, मग एखादं ऑफिस उठून तो बंद कसा करू शकतं? — एक सासूबाई, लष्कर (ग्वाल्हेर)

वहिनी, गोम इथेच आहे. ते कार्ड संसदेनं दिलेलंच नाही!

त्यांच्या संसदेनं, म्हणजे काँग्रेसनं, १९९० मधे आजचा एच-वन-बी बसवला. वर्षाला किती द्यायचे तो आकडाही कायद्यातच आहे, ६५,००० आणि अमेरिकेतूनच मास्टर्स केलेल्यांसाठी २०,००० वेगळे, तो कुठला अधिकारी स्वतःच्या मनानं वाढवू शकत नाही. बायको-मुलांनी सोबत यायचं तेही कायद्यात. पण बायकोनं तिथे नोकरी करायची का यावर कायदा गप्प. फक्त दुसरीकडे एका कलमात एवढं आहे की ज्याला या कायद्यानं किंवा ॲटर्नी जनरलनं (तिकडे हा न्याय खात्याचा प्रमुख) कामाची परवानगी दिलीये त्याला कामावर ठेवणं बेकायदा नाही. ॲटर्नी जनरलचे ते अधिकार पुढे होमलँड सिक्युरिटी खात्याकडे गेले, आणि त्या ‘किंवा’ वर बोट ठेवून खात्यानं २०१५ मधे नियम केला की ज्याचा ग्रीनकार्डासाठीचा आय-१४० नावाचा अर्ज मंजूर झालाय किंवा ज्याला त्याच वाटेवर सहा वर्षांच्या पुढे मुदतवाढ मिळालीये त्याच्या बायकोला (किंवा नवऱ्याला) कामाचं कार्ड मिळेल. २६ मे २०१५ पासून लागू. म्हणजे तुमच्या सुनेची नोकरी कायद्यातल्या अर्ध्या ओळीवर आणि खात्याच्या एका नियमावर उभी आहे.

आता म्हणाल की मग खातं उद्या सकाळी पुसून टाकेल. तसं नाही होत, आणि आमच्यासारख्या नोटशीट लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हीच गोष्ट सगळ्यात आवडते. १९४६ चा त्यांचा एक कायदा आहे, खात्यांनी नियम कसे करायचे याचाच कायदा. मसुदा आधी फेडरल रजिस्टरमधे छापायचा, ते म्हणजे आपल्या राजपत्रासारखं, कामाच्या प्रत्येक दिवशी निघतं. मग लोकांना लेखी म्हणणं मांडायला वेळ द्यायचा आणि इथे लोक म्हणजे कुणीही, वहिनी तुम्ही लष्करात बसून लिहिलंत तरी ते फाईलला लागतं. नंतर अंतिम नियम छापताना मुख्य मुख्य आक्षेपांना उत्तर द्यावं लागतं, नुसतं ‘विचार केला’ म्हणून भागत नाही, आणि छापल्यावर साधारण तीस दिवसांनी तो लागू होतो. नियम रद्द करायचा तरी हीच सगळी वाट परत चालायची. ट्रम्प पहिल्यांदा होते तेव्हा २०१९ मधे हा नियम काढायचा मसुदा व्हाइट हाउसच्या बजेट ऑफिसकडे तपासणीला गेला, तिथे पडून राहिला, सरकार बदललं आणि जानेवारी २०२१ मधे परत घेतला. मसुदा छापलाच गेला नाही. पण तेवढ्या दोन वर्षांत किती घरांत झोप उडाली असेल!

पळवाटही आहे, ती लपवत नाही. खात्याला तातडीचं कारण दाखवता आलं तर आधी लागू करून नंतर लोकांचं ऐकता येतं. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर तसंच झालं, कार्डाच्या नूतनीकरणाचा अर्ज केला की ५४० दिवसांपर्यंत आपोआप मुदतवाढ मिळायची ती नव्या अर्जांना बंद केली. कार्ड बंद नाही झालं, वाढ बंद झाली, आणि मेसेज पाठवणाऱ्यांनी दोन्हीचा काला करून टाकला. सुनेला सांगा, कार्ड संपायच्या १८० दिवस आधीपासून अर्ज करता येतो, शेवटच्या महिन्याची वाट बघू नको.

अजून एक. १९८४ पासून चाळीस वर्षं तिथे पद्धत होती की कायद्यातली ओळ संदिग्ध असेल आणि खात्यानं लावलेला अर्थ वाजवी असेल तर कोर्टानं तो मान्य करायचा. जून २०२४ मधे सुप्रीम कोर्टानं ती पद्धत मोडली, आता अर्थ कोर्ट स्वतः लावणार. त्यामुळे ‘किंवा’ वर बोट ठेवून केलेल्या सगळ्याच नियमांखालची जमीन थोडी हललीये.

आपल्याकडे काय वेगळं आहे हो, डिजिटल डेटाचा कायदा ऑगस्ट २०२३ मधे झाला आणि त्याचे नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मधे. मधली सव्वादोन वर्षं कायदा होता पण त्याला पाय नव्हते.

काका, मी मुरारला राहून यूपीएससीची तयारी करतोय. अमेरिकेत आयएएससारखी परीक्षा असते का? कलेक्टर वगैरे? — एक विद्यार्थी

नसते बेटा. आणि का नसते ही गोष्ट मजेशीर आहे.

सुरुवातीला तिकडे नोकऱ्या वाटल्या जायच्या. १८२९ मधे अँड्र्यू जॅक्सन आले तेव्हापासून तर उघडच, जिंकलेल्या पक्षानं आपली माणसं पोस्टात, कस्टममधे चिकटवायची आणि पुढची निवडणूक हरलात की पोस्टमास्तरसकट सगळे घरी. मग १८८१ मधे गारफिल्ड राष्ट्राध्यक्ष झाले. गिटो नावाच्या एका विक्षिप्त माणसाला वाटत होतं की माझ्या एका भाषणामुळेच हे निवडून आलेत, तेव्हा मला पॅरिसचा कॉन्सुल करा. चकरा मारून मारून काही मिळेना तेव्हा त्यानं २ जुलैला वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनवर गारफिल्डना गोळी घातली. सप्टेंबरमधे ते गेले. त्यांच्या जागी आले चेस्टर आर्थर, आणि हे आर्थर स्वतः याच वशिल्याच्या कारखान्यातून वर आलेले, न्यूयॉर्क बंदराच्या कस्टमचे कलेक्टर होते (बघ, कलेक्टर तिकडेही होता, पण जकातीचा). त्याच माणसानं जानेवारी १८८३ मधे पेंडल्टन कायद्यावर सही केली, नोकरी परीक्षेवर द्यायची, पक्षाला वर्गणी दिली नाही म्हणून काढायचं नाही. सुरुवातीला जेमतेम दहा टक्के नोकऱ्या त्यात आल्या, मग हळूहळू बहुतेक सगळ्या.

आता तुझ्या कामाचं ऐक. परीक्षेची ही कल्पना त्यांनी घेतली इंग्लंडकडे बघून, १८८० मधे डॉर्मन ईटन नावाच्या गृहस्थांनी ब्रिटिश सनदी नोकरीवर पुस्तकच लिहिलं होतं. आणि इंग्रजांनी स्पर्धा परीक्षा मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा कुणासाठी लावली, तर आपल्यावर राज्य करायला येणाऱ्या साहेबांसाठी, लंडनमधे १८५५ ला. त्याआधी कंपनीचे डायरेक्टर आपापल्या भाच्या-पुतण्यांना नेमायचे. म्हणजे तू मुरारच्या खोलीत ज्यासाठी रात्र जागवतोयस त्या प्रकाराचं मूळ अमेरिकेच्या कायद्यापेक्षा २८ वर्षं जुनं.

पण पुढे दोघांची वाट फुटली. आपण एक परीक्षा पास करून ‘सेवेत’ जातो, मग सेवा आपल्याला आज कृषी खात्यात टाकते, उद्या नगरपालिकेत. तिकडे माणूस सेवेत जात नाही, खुर्चीवर जातो. खात्याला भूजलाचा माणूस हवा असेल तर भूजलाच्या माणसाची जाहिरात सरकारी वेबसाइटवर येते, लागणारं शिक्षण-अनुभव लिहिलेलं असतं, तू चाळिसाव्या वर्षीही अर्ज करू शकतोस. सैन्यातून आलेल्यांना प्राधान्य. आणि बहुतेक जागांना अमेरिकन नागरिक असावं लागतं, त्यामुळे पुढचा प्रश्न विचारू नकोस. एक सामाईक परीक्षा होती मधे, पेस नावाची, पण तिच्यात काळे आणि हिस्पॅनिक उमेदवार फार गळतात म्हणून खटला झाला आणि तडजोडीत १९८२ मधे ती बंद पडली. परराष्ट्र खात्याची परीक्षा मात्र अजून आहे.

पगाराचं म्हणशील तर जीएस-१ ते जीएस-१५ अशा पायऱ्या, प्रत्येकीत दहा पावलं. पहिली तीन पावलं वर्षा-वर्षाला, पुढची तीन दोन-दोन वर्षांनी, शेवटची तीन-तीन वर्षांनी. एकाच ग्रेडमधे खालून वर जायला अठरा वर्षं. आजोबा जीएस-५ वर लागले आणि जीएस-१२ वर रिटायर झाले. मी म्हटलं आमच्याकडे दरवर्षी तीन टक्के ठरलेले, तर म्हणाले, काम न करता पण? मी विषय बदलला.

वर आहे सीनियर एक्झिक्युटिव्ह सर्व्हिस, १९७८ मधे कार्टरांनी काढलेली, आठ हजारांच्या आसपास माणसं. कल्पना आपल्या आयएएससारखीच होती, कुठेही फिरवता येतील असे वरिष्ठ अधिकारी. प्रत्यक्षात बहुतेक जण ज्या खात्यात वाढले तिथेच राहतात.

ट्रम्प आले की सगळा स्टाफ बदलतो असं ऐकलं. खरं का? — एक वाचक, बडोदा

सगळा नाही. पोस्ट खातं सोडून २०२४ मधे तिथे बावीस-तेवीस लाख केंद्रीय कर्मचारी होते, आणि त्यातले राजकीय नेमणुकीचे साधारण चार हजार. त्या चार हजारांतल्या बाराशे-तेराशेंना सेनेटची मंजुरी लागते, सेक्रेटरी, त्यांचे डेप्युटी, राजदूत वगैरे. २०२४ पर्यंत राष्ट्राध्यक्षाच्या प्रत्येक निवडणुकीनंतर या जागांचं एक पुस्तक छापायचे, प्लम बुक म्हणायचे त्याला. बाकीचे बाबू आहेत तिथेच, आणि हो, यातले ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक वॉशिंग्टनच्या बाहेर असतात, विमानतळांवर, जंगलांत, सैनिकांच्या हॉस्पिटलांत. आपल्या डोळ्यासमोर मात्र ती पांढरी घुमटवाली बिल्डिंगच येते.

पण चार हजार हा आकडा लहान समजू नका. आपल्याकडे मंत्री बदलला तरी सेक्रेटरी आयएएसच असतो, तिकडे सेक्रेटरी, त्याच्या खालचा आणि त्याच्याही खालचा असे तीन थर राजकीय, म्हणजे बाबूच्या वर लगेच पक्षाचा माणूस. आता भांडण चाललंय ते चार हजारांची रेघ आणखी खाली न्यायची का यावर. ट्रम्पनी ऑक्टोबर २०२० मधे आदेश काढला की धोरण ठरवण्यात ज्यांचा हात असतो अशा कायम नोकरीवाल्यांनाही वेगळ्या यादीत टाका, म्हणजे काढणं सोपं. बायडननी तो जानेवारी २०२१ मधे रद्द केला, २० जानेवारी २०२५ ला तो परत आला. त्याच वर्षी राजीनाम्याची ऑफर घेऊन लाखाहून जास्त लोक घरी गेले, प्रोबेशनवरच्या हजारोंना काढलं, कोर्टकचेऱ्या झाल्या.

ट्रम्पच्या बाजूचं म्हणणं अगदी वेडगळ नाही. लोकांनी ज्याला निवडून दिलं त्याचं खालच्यांनी ऐकलंच नाही तर निवडणूक कशाला? हा प्रश्न मलाही पडतो. पण मी पेन्शन सेक्शनमधे बसलेला माणूस. समोरच्या विधवेची फाईल कुणाच्या पक्षाची आहे हे बघायची मला कधी गरज पडली नाही, कारण मला कुणी पक्षावरून काढू शकत नव्हतं. घटनेचं कलम ३११ आहे, चौकशी आणि बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय बडतर्फ करता येत नाही. अर्थात आपल्याकडच्या राजकारण्यांना काढायची गरजच नसते, बदली असते ना! नोकरी शाबूत, माणूस श्योपूरला.

मी पीथमपूरच्या फार्मा प्लांटमधे क्यूएत (मालाचा दर्जा सांभाळणारा विभाग) आहे. एफडीएचा, म्हणजे अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याचा इन्स्पेक्टर आला की आमचे एमडीसुद्धा उभे राहतात. काका, दुसऱ्या देशाच्या सरकारचा माणूस आमच्या प्लांटमधे कुठल्या अधिकारानं येतो? — इंदूरहून

झकास प्रश्न. मला विचाराल तर कायदा कागदावरून उतरून माणसापर्यंत कसा पोचतो हे बघायचं असेल तर वॉशिंग्टनला जाऊ नये, पीथमपूरला जावं.

मुळापासून सांगतो. १९३७ मधे अमेरिकेत सल्फाचं एक पातळ औषध निघालं, मुलांना घ्यायला सोपं, गोड. विरघळवायला वापरलं होतं डायएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे विषच. शंभराहून जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलं बरीच. एफडीएनं फील्डवरचा जवळजवळ सगळा स्टाफ कामाला लावून गावोगावच्या बाटल्या शोधून परत आणल्या, पण खटला कशावर भरणार? विषारी औषध विकणं हा तेव्हाच्या कायद्यात गुन्हाच नव्हता! मग सापडलं की लेबलवर ‘एलिक्झिर’ लिहिलंय, एलिक्झिर म्हणजे त्यात अल्कोहोल पाहिजे आणि यात तर नाही, म्हणजे लेबल खोटं. त्या एका शब्दावर कारवाई झाली. पुढच्याच वर्षी, १९३८ मधे, आजचा औषध कायदा आला.

१९६२ मधे त्यात एक वाक्य घातलं आणि तुमची नोकरी त्या वाक्यावर आहे. औषध ज्या पद्धतीनं, ज्या जागेत, ज्या देखरेखीखाली बनलं ती चांगल्या उत्पादनाच्या चालू पद्धतीला धरून नसेल तर ते औषध भेसळयुक्त समजायचं. नीट वाचा, गोळी टेस्टमधे पास झाली तरी, आत एक कण चुकीचा नसला तरी, भेसळयुक्त. पण चांगली पद्धत म्हणजे काय हे काँग्रेसनं सांगितलं नाही, तिला ते कळणारही नाही. ते एफडीएनं नियमांत लिहिलं, तेच तुमचं एकवीस सीएफआर दोनशे अकरा (सीएफआर म्हणजे त्यांच्या केंद्रीय नियमांचा संग्रह). क्यूएची मान्यता कशाला लागते, बॅच रेकॉर्डमधे काय हवं, आकडा जुळला नाही तर तपास कसा करायचा, सगळं त्यात. त्याच्याही खाली गाइडन्स, जी बांधील नसते पण सगळे बांधील असल्यासारखीच पाळतात. आणि सगळ्यात खाली तो हातात डायरी घेतलेला माणूस.

तो कोण? त्याचं पद ‘कन्झ्युमर सेफ्टी ऑफिसर’, केमिस्ट्री-बायॉलॉजी शिकलेला, तोच जीएसच्या पायऱ्या चढणारा. माझ्यासारखाच बाबू. फरक एवढा की मी फाईल तपासायचो, तो तुमच्या मायक्रो लॅबची कचऱ्याची बादलीपण तपासतो. त्याला पीथमपूरमधे सक्तीनं घुसायचा अधिकार काडीचा नाही. पण २०१२ च्या कायद्यानं असं ठरवलं की कारखान्यानं तपासणी नाकारली, टाळली, उशीर केला, तर तिथलं औषधच भेसळयुक्त धरायचं. आणि मग ते अमेरिकेच्या बंदरावर अडवायचं. म्हणजे अधिकार पीथमपुरात नाहीये, न्यूजर्सीच्या धक्क्यावर आहे. दार तुम्हीच उघडता.

शेवटच्या दिवशी तो फोर-एटी-थ्री देतो, ती त्याची निरीक्षणं, निकाल नाही, हे तुम्हाला सांगायला नको पण बाकीच्या वाचकांसाठी. पंधरा कामाच्या दिवसांत उत्तर दिलं तर पुढचा निर्णय घ्यायच्या आधी ते विचारात घेतात. निर्णय वर बसलेले दुसरे लोक घेतात, समाधान नाही झालं तर वॉर्निंग लेटर, नाहीतर सिक्स्टी-सिक्स फॉर्टीचा इम्पोर्ट अलर्ट, म्हणजे माल उघडून न बघताच अडवायचा. बघणारा एक आणि शिक्षा ठरवणारा दुसरा, ही गोष्ट मला फार पटते. बादली पाहून डोकं गरम झालेल्या माणसानं त्याच दिवशी शिक्षा लिहू नये.

आणि गंमत, त्याच्या पगारात तुमचाही हात आहे. २०१२ पासून जेनेरिक कंपन्या एफडीएला वर्षाची फी भरतात, परदेशातल्या प्लांटला अमेरिकेतल्यापेक्षा १५,००० डॉलर जास्त.

आता जे लिहितोय त्यात गंमत नाही. २०२५ मधे आपल्याच छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधानं लहान मुलं दगावली, आणि त्यात सापडलं तेच, डायएथिलीन ग्लायकॉल. १९३७ चं विष. आपला औषध कायदा १९४० चा, केंद्राचा. पण औषध बनवायचं लायसन्स देतं राज्य, प्लांट तपासायची मुख्य जबाबदारी राज्याच्या ड्रग इन्स्पेक्टरची. कारखाना एका राज्यात, त्याचं लायसन्स त्या राज्याचं, मुलं गेली दुसऱ्या राज्यात, नियम दिल्लीचे. अमेरिकेत कारखाना टेक्सासमधे असो की पीथमपुरात, बघायला येणारा एकाच खात्याचा. मी दोन्ही बाजूंचे गुण-दोष तोलत बसणार नाही, या एका बाबतीत त्यांचं बरोबर आहे.

तुम्ही एजी ऑफिसात होता म्हणता, मग तुम्ही केंद्राचे की मध्यप्रदेशचे? माझे सासरे पेन्शनसाठी तुमच्याकडेच खेटे घालायचे. — एक वाचिका, दौलतगंज

सासऱ्यांना नमस्कार सांगा आणि माझ्यातर्फे माफीही. ताई, आम्ही केंद्राचे, कॅगच्या हाताखालचे, पण हिशेब ठेवतो राज्याचे. हा प्रकार अमेरिकन आजोबांना समजावताना माझी दमछाक झाली. त्यांच्या डोक्यात दोन वेगळी सरकारं, केंद्राचा कायदा केंद्राचेच लोक राबवणार, राज्याचा राज्याचे. १९९७ मधे तर त्यांच्या सुप्रीम कोर्टानं सांगून टाकलं की बंदूक घेणाऱ्याची चौकशी करा असा हुकूम केंद्र राज्याच्या शेरिफला सोडू शकत नाही, हवं तर स्वतःची माणसं ठेवा नाहीतर पैसे देऊन राज्याला राजी करा. म्हणून तर तिकडे पैशाचं आमिष फार चालतं. आपल्याकडे कायदा करणार दिल्ली, राबवणार भोपाळ, कलेक्टर निवडणार यूपीएससी, त्याला पगार देणार राज्य आणि हिशेब लिहिणार झाशी रोडवर बसलेला मी. आजोबा म्हणाले, मग चूक झाली तर कोणाला धरतात? मी म्हटलं, डीलिंग हँडला, फाईल हाताळणाऱ्या कारकुनाला.

शटडाउन म्हणजे नक्की काय बंद होतं? मुलाचं एच-वन-बीचं एक्स्टेंशन अडकेल का? — एक वडील, इंदूर

बजेट मंजूर नाही तर खर्च करायचा नाही, हा १८८४ पर्यंत मागे जाणारा नियम. २०२५ मधे १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस बंद होतं, तोपर्यंतचं सगळ्यात लांब. काही घरी बसवले जातात, विमानतळाच्या कंट्रोल टॉवरवाल्यांसारखे काही बिनपगारी कामावर. मागचा पगार नंतर देण्याचा कायदा २०१९ चा. तुमच्या मुलाचा अर्ज ज्या ऑफिसात जातो ते मुख्यतः अर्जांच्या फीवर चालतं म्हणून ते उघडं राहतं, पण एच-वन-बीला आधी लेबर खात्याचा एक कागद लागतो, आणि ते खातं बजेटवर चालतं. मुदत जवळ असेल तर तो कागद आधी काढून ठेवायला सांगा.

भाऊ, तिकडचे बाबू चहापाणी मागतात का हो? — एक आजी, वय ८१, शिंदे की छावणी

आजी, सगळ्या पत्रांत फक्त तुमचंच पत्र हातानं लिहिलेलं, म्हणून शेवटी ठेवलं. नियम असा आहे की ज्याचं काम आपल्या टेबलाशी आहे त्याच्याकडून एका वेळी २० डॉलरपर्यंतची वस्तू घेता येते, आणि एकाच माणसाकडून किंवा कंपनीकडून वर्षभरात सगळं मिळून ५० च्या वर नाही. रोख तर एक पैसा नाही. नियम मोडणारे तिथेही निघतात, तुरुंगातही जातात.

दुसऱ्या खेपेला मी आजोबांसाठी मुरेन्याची गजक नेली होती. ते रिटायर्ड, त्यांना कुठलाच नियम नाही, मित्राच्या भेटीला तसाही नसतो. पण त्यांची मुलगी त्याच खात्यात नोकरीला आहे, तिनं डबा हातात घेतला, उघडला, तोंडात एक तुकडा टाकला आणि अगदी सहज विचारलं, याची किंमत किती? मी म्हटलं तीन डॉलरसुद्धा नाही. तिनं मान हलवली आणि दुसरा तुकडा घेतला.